बालकांचे दूध : सायीसकट की सायीवाचून?

(महिला शाखेच्या विद्यमाने वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



महिला शाखेच्या कार्यवाह भगिनींनी "मुलांच्या आहाराविषयी बोला" अशी आम्हांस आज्ञा केली. ती आम्ही शिरसावंद्य मानली खरी. परंतु आहार हा विषय समुद्रासारखा आहे, आणि भोजनाची पाने मांडण्याची वेळ जवळ आली असता समुद्र ओलांडावयास निघणे शहाणपणाचे नव्हे. म्हणून त्यातला एक तांब्याभर विषय आम्ही घेतला आहे. लहान मुलांस द्यावयाचे दूध पूर्ण स्निग्धांशाचे असावे की स्निग्धांश कमी केलेले असावे, एवढाच तो प्रश्न.

आपल्या आजीच्या काळी हा प्रश्न नव्हता. गवळी दारी येई, मापाने दूध घाली, आणि त्यात पाणी किती एवढाच काय तो वाद असे. आज दुकानात एकाच फळीवर चार रंगांच्या पिशव्या असतात, आणि त्यांतली कोणती उचलावयाची हे बहुधा घरातील वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीवरून ठरते. आजोबांस हृदयविकाराचा त्रास झालेला असतो, डॉक्टरांनी साय, लोणी वर्ज्य सांगितलेले असते, म्हणून घरात डबल टोन्ड दुधाची पिशवी येऊ लागते. आजोबांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्याच घरात चौदा महिन्यांचा नातू असतो, आणि त्याच्या पेल्यात तेच दूध पडते. नातवाविषयी कोणी काही ठरविलेले नसते. ते आपोआप घडते. पुढे सहा महिन्यांनी "बाळ खाते-पिते, पण अंगी लागत नाही" म्हणून माता त्याला आमच्याकडे घेऊन येतात, आणि औषधाची अपेक्षा करतात.

प्रथम या पिशव्यांत काय असते ते पाहू. आपल्या देशात त्याचे कायद्याने ठरविलेले प्रमाण आहे. फुल क्रीम दुधात स्निग्धांश किमान ६ टक्के असावा लागतो, स्टँडर्डाइज्ड दुधात ४.५ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के, डबल टोन्ड दुधात १.५ टक्के, आणि स्किम्ड म्हणजे साय पूर्ण काढलेल्या दुधात अर्ध्या टक्क्याहून अधिक चालत नाही. प्रथिने आणि चुना यांच्या बाबतीत या पाचांत फारसा भेद नाही. हाडे-दात यांच्यासाठी लागणारे द्रव्य साय काढल्याने जात नाही. जातो तो स्निग्धांश, त्याबरोबर त्यातले उष्मांक, आणि स्निग्धांशातच विरघळून राहणारी जीवनसत्त्वे, विशेषतः 'अ' जीवनसत्त्व. अलीकडे पुष्कळ दूधसंघ 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वे वरून घालतात. अशा पिशवीवर अधिक चिन्ह व इंग्रजी 'एफ' हे अक्षर छापलेले असते. ते जरूर पाहावे.

टोन्ड दूध ही वस्तू आपल्या मुंबईची आहे, हे येथे सांगावेसे वाटते. मुंबई राज्याचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची ही कल्पना. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के. त्यात पाणी आणि सायविरहित दुधाची भुकटी योग्य प्रमाणात मिसळली की स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो, पण बाकीचे सत्त्व कमी होत नाही, आणि एका लिटराचे जवळजवळ दोन लिटर होतात. १९४६ साली मुंबईत हे दूध प्रथम निघाले. आरेच्या केंद्रापुढे पहाटे बाटल्या घेऊन रांगेत उभे राहिलेले सभासद या सभेत असतीलच. शहरात दूध थोडे, ते महाग, आणि गरिबांच्या वाट्याला नळाचे पाणी घातलेले, अशा काळी ती योजना होती. खुरोडी यांस १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पारितोषिक मिळाले. टोन्ड दूध सडपातळ होऊ पाहणाऱ्यांसाठी निघाले नव्हते. अधिक मुलांच्या मुखी दूध पडावे म्हणून निघाले होते.

आता ज्या गोंधळामुळे आम्ही हा विषय घेतला त्याकडे वळतो. आपल्या घरांतून अलीकडे परदेशी ग्रंथांतील व परदेशस्थ नातलगांकडून आलेला सल्ला फार चालतो. तेथील बालरोगतज्ज्ञ सांगतात की एक ते दोन वर्षांच्या मुलास 'होल मिल्क' द्यावे, 'लो फॅट' देऊ नये. हे वाचून आपली सुशिक्षित सून घाबरते, कारण घरात टोन्ड दूध येत असते, आणि टोन्ड म्हणजे साय काढलेले असा तिचा समज असतो. परंतु अमेरिकेत ज्यास होल मिल्क म्हणतात त्यात स्निग्धांश किमान सव्वातीन टक्के असला की पुरते, आणि इंग्लंडात तो साडेतीनच्या आसपास असतो; कारण तिकडे दूध म्हणजे गाईचे दूध. आपल्या टोन्ड दुधात तो तीन टक्के आहे. म्हणजे त्यांचे पूर्ण दूध आणि आपले टोन्ड दूध यांत पाव-अर्ध्या टक्क्याचे अंतर! आपले फुल क्रीम दूध हे त्यांच्या पूर्ण दुधाच्या जवळजवळ दुप्पट दाट असते, कारण ते म्हशीच्या दुधाचे माप आहे. ज्यास ते कमी स्निग्धांशाचे दूध म्हणतात ते दोन टक्क्यांचे किंवा एक टक्क्याचे, आणि त्याच्या पंक्तीला बसते ते आपले डबल टोन्ड. नाव एक आणि वस्तू दुसरी, असा हा प्रकार आहे. तेव्हा पिशवीवरील नाव किंवा रंग पाहण्यापेक्षा टक्क्यांचा आकडा पाहावा. रंग तर प्रत्येक संघाचा वेगळा असतो.

लहानग्यांस स्निग्धांश इतका का लागतो, असे कोणी विचारील. निसर्गानेच त्याचे उत्तर देऊन ठेविले आहे. मातेच्या दुधातील जवळजवळ निम्मे उष्मांक स्निग्धांशातून येतात. पहिल्या दोन वर्षांत मुलाचा मेंदू ज्या झपाट्याने वाढतो तसा तो पुन्हा कधी वाढत नाही. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तो प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे चार-पंचमांश आकाराचा झालेला असतो, आणि मेंदूच्या घटकांत स्निग्ध द्रव्यांचा वाटा मोठा आहे. दुसरे कारण अगदी साधे आहे. वर्षाच्या मुलाचे पोट ते केवढे! दीड-दोन वाट्यांत ते भरते. एवढ्याशा पोटात दिवसाला हजार-अकराशे उष्मांक घालावयाचे, तर अन्न पातळ आणि निःसत्त्व असून कसे चालेल? एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात चार उष्मांक असतात, तर एक ग्रॅम स्निग्धांशात नऊ.

हिशेबच करून पाहा. मूल दिवसातून दोनशे मिलिलिटरचे दोन पेले दूध पिते असे धरू. फुल क्रीम दुधातून त्याला सुमारे २४ ग्रॅम स्निग्धांश मिळेल, टोन्डमधून १२ ग्रॅम, डबल टोन्डमधून अवघा ६ ग्रॅम. पहिल्यात आणि तिसऱ्यात १८ ग्रॅमचे अंतर, म्हणजे सुमारे १६० उष्मांकांचे. दीड वर्षाच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेचा हा सातवा हिस्सा झाला. चहाच्या चमच्याने मोजावयाचे तर साडेतीन चमचे तूप रोजच्या रोज त्याच्या आहारातून निघून गेले. आजोबांच्या पेल्यातून ते गेले तर कल्याण. नातवाच्या पेल्यातून गेले तर ते भरून कोठून काढावयाचे?

साय काढून घेतली म्हणजे काय होऊ शकते याचा एक जुना दाखला डेन्मार्क देशातला आहे. तो देश लोण्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे दुधाची साय काढून लोणी परदेशी धाडले जाई, आणि गरीब घरांतील मुलांस उरलेले सायविरहित दूध व वनस्पती तेलाचे मार्गारीन मिळे. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ कार्ल ब्लॉख यांच्याकडे तेव्हा डोळे कोरडे पडून बुबुळास इजा झालेली बालके येऊ लागली. कित्येकांची दृष्टी गेली. पुढे पहिल्या महायुद्धात समुद्रमार्ग बंद झाला, लोणी देशातच राहिले, ते शिधापत्रिकेवर घरोघर मिळू लागले, आणि तो नेत्ररोग जवळजवळ नाहीसा झाला. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाचा तो परिणाम होता. ज्या देशात दुधाचे पाट वाहत होते त्याच देशातील मुले सायीवाचून आंधळी होत होती.

आता आपल्या घरात या. आपल्याकडे लोणी परदेशी जात नाही. ते फडताळातल्या किंवा शीतकपाटातल्या सटात जाते! आम्ही हे विनोदाने म्हणत असलो तरी विषय विनोदाचा नाही. दूध तापवावे, निवू द्यावे, वर धरलेली जाड साय चमच्याने उचलून विरजणाच्या भांड्यात टाकावी, आणि आठवड्याने ताक घुसळून साजूक तूप कढवावे, ही आपल्या गृहिणींची कित्येक पिढ्यांची शिस्त आहे. तिची थोरवी आम्ही जाणतो. परंतु त्यामुळे असे होते की घरधनी दुकानातून फुल क्रीमची महाग पिशवी आणतो, गृहिणी सकाळ-संध्याकाळ तिची साय काढते, आणि मुलाच्या पेल्यात जे पडते त्यास फुल क्रीम म्हणण्यात अर्थ नसतो. त्यात किती स्निग्धांश उरला हे घरी मोजण्याचे साधन नाही. काही पिशव्यांतले दूध यंत्रातून एकजीव केलेले असते, त्यावर साय विरळ धरते; पण म्हशीच्या सुट्या दुधावर ती भाकरीसारखी धरते हे आपण सर्व जाणतो.

मग साय काढू नये काय? आमचे म्हणणे तेवढे टोकाचे नाही. ते तूप जर मुलाच्या वरण-भातावर, मुगाच्या खिचडीत, पोळीच्या कुस्करात परत आले, तर मुलाचे काहीच गेले नाही. एका भांड्यातून निघाले ते दुसऱ्या भांड्यातून पोटात गेले. परंतु पंक्तीला तूप वाढताना धार कोणाच्या पानात मोठी पडते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आणि घरात मुलगा-मुलगी दोन्ही असली तर कोणाच्या भातावर अधिक, हेही! तेव्हा निदान दोन वर्षांच्या आतील मुलाचे दूध तापल्यावर आधी ढवळून बाजूला काढावे, आणि मग उरलेल्याची साय धरू द्यावी. एवढ्याने वाद मिटतो. मुलास साय आवडत नसेल, पेल्यात तिचे गोळे आले की ते तोंड फिरवीत असेल, तर ती दुधातच घोटावी किंवा साखर न घालता पोळीस लावून द्यावी.

याहून वाईट चाल म्हणजे दुधात पाणी घालणे. "म्हशीचे दूध जड, बाळास बाधेल" म्हणून निम्मे पाणी घालणारी घरे आजही आहेत. वर्षानंतरच्या मुलास असे पाणी घालण्याचे काही कारण नाही. पाणी घातल्याने स्निग्धांशच नव्हे, तर प्रथिने, चुना, सर्वच पातळ होते. टोन्ड करणारा कारखाना निदान भुकटी घालून बाकीचे सत्त्व राखतो. आपण घरी ते देखील राखत नाही. म्हशीच्या दुधाने बुद्धी मंद होते हाही समज सोडून द्यावा. त्यास कसलाही आधार नाही. गाईचे दूध पिवळसर दिसते ते त्यातील कॅरोटीनमुळे. म्हैस त्याच कॅरोटीनचे 'अ' जीवनसत्त्व करून दुधात घालते, म्हणून तिचे दूध पांढरे. परवडेल आणि चांगले मिळेल ते द्यावे.

दुसरी बाजू न सांगता पुढे जाणे बरोबर होणार नाही. पाश्चात्य देशांत कमी स्निग्धांशाच्या दुधाचा आग्रह धरला गेला तो मुलांतील लठ्ठपणा आणि पुढील आयुष्यातील हृदयविकार यांच्या भयाने. अमेरिकेतील बालरोग, हृदयरोग आणि आहार यांविषयीच्या संस्थांनी २०१९ साली मिळून जे मत दिले, त्यात दुसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण दूध आणि त्यानंतर कमी स्निग्धांशाचे, असे सांगितले होते. परंतु पुढच्याच वर्षी, २०२० साली, कॅनडातील टोरोंटो येथील संशोधकांनी २८ अभ्यास एकत्र तपासून पाहिले, तेव्हा पूर्ण दूध पिणारी मुले अधिक लठ्ठ असल्याचे कोठेच दिसेना. उलट त्यांच्यात लठ्ठपणा कमी आढळला. यावरून सायीने मूल सडपातळ होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. हे सर्व निरीक्षणाचे अभ्यास होते, आणि मूल किरकोळ दिसले की आई त्याला दाट दूध देते हेही त्याचे कारण असू शकेल. मात्र साय म्हणजे लठ्ठपणा हे समीकरण सिद्ध झालेले नाही, इतके खास.

शिवाय भय कोणाचे बाळगावयाचे ते आपापल्या देशावर अवलंबून आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३२ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. उंचीच्या मानाने वजन अधिक असलेली सुमारे साडेतीन टक्के. आपल्या ज्ञातीत सुस्थितीतली घरे पुष्कळ आहेत, आणि त्या घरांत गुबगुबीत मुले आहेत हे आम्ही पाहतो. परंतु त्यांचा गुबगुबीतपणा दुधातल्या सायीचा नसून बिस्किटांचा, तळलेल्या वेफर्सचा, आणि दुधात दोन-दोन चमचे घातलेल्या गोड चॉकलेटी भुकटीचा असतो असे आमचे निरीक्षण आहे. आई पिशवी कमी स्निग्धांशाची आणते आणि त्यात साखर ढवळते. यास काटकसर म्हणावे की पथ्य, आम्हांस कळत नाही.

व्यवहारात काय करावे ते थोडक्यात सांगतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न, आणि आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू. वर्षाच्या आत गाईम्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, मग ते कितीही चांगले असो. त्यात लोह अत्यल्प असते, आणि कोवळ्या आतड्यांतून सूक्ष्म रक्तस्राव होण्याची भीती असते. एक ते दोन या वर्षात तीन टक्क्यांहून कमी स्निग्धांशाचे दूध आणू नये. मूल किरकोळ असेल तर साडेचार किंवा सहा टक्क्यांचे खुशाल आणावे. दोन वर्षांनंतर मूल चौरस जेवू लागले, वजन-उंची नीट वाढू लागली, की घरात जे टोन्ड येते ते त्यालाही चालते. स्किम्ड दूध पाच वर्षांच्या आत नको. इंग्लंडातील सरकारी सल्लाही तसाच आहे. मुलाचे वजन खरोखरीच फार असेल, किंवा आईबापांच्या घराण्यात तरुण वयात हृदयविकार झालेले असतील, तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा. तेथे आमचे हे सर्वसाधारण बोलणे लागू नाही. जे सभासद इंग्लंड-अमेरिकेत राहतात त्यांनी तेथील होल मिल्क घ्यावे. आपल्याकडच्या फुल क्रीमइतके दाट दूध तेथे शोधत बसू नये.

आणि एक गोष्ट दुधाच्या प्रकाराहून महत्त्वाची आहे, ती म्हणजे प्रमाण. "आमचा बाळ्या जेवत नाही, पण दूध मात्र लिटरभर पितो" असे कौतुकाने सांगणाऱ्या आज्या आहेत. दुधाने पोट भरलेले मूल जेवणार कसे? त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या देशातील मुलांपैकी ६७ टक्के मुले पंडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेली, आढळली. नुसत्या दुधावर वाढलेले मूल गोरेगोमटे, फुगीर आणि आतून फिकट असते. दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलिलिटर दूध पुरे. तेही पेल्याने, बाटलीने नव्हे. बाकीची भूक नाचणी, डाळी, पालेभाज्या, आणि ज्यांच्याकडे चालते त्यांनी अंडी-मासे यांनी भागवावी.

शेवटी आपल्या मंडळाच्या बालवर्गाविषयी. तेथे तीन ते पाच वर्षांच्या मुलांस सकाळी पेलाभर दूध मिळते. खर्च वाढल्यामुळे टोन्डऐवजी डबल टोन्ड आणावे अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे असे आम्हांस कळले. ज्या मुलास घरी भातावर तूप मिळते त्याचे या बदलाने काही बिघडणार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु बालवर्गात सर्वच मुले तशा घरांतून येत नाहीत. काहींचा दिवसातला तो एकच पेला असतो, आणि कोणाचा ते आपणांस त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत नाही. म्हणून दूध टोन्डच राहू द्यावे, आणि त्यात घातली जाणारी चॉकलेटी भुकटी बंद करावी. तिच्या डब्याची किंमत चिटणिसांनी हिशेबाच्या वहीत पाहावी. दुधात वाचणाऱ्या रुपयांहून ती कमी निघणार नाही, असा आमचा अंदाज आहे. सूचना येत्या बैठकीत विचारासाठी यावयाची आहे, आणि त्या बैठकीस बालवर्गातील मातांनाही बोलवावे अशी अध्यक्षमहाराजांस विनंती आहे.

भगिनींनी लिहून पाठविलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आमच्यापुढे आल्या आहेत. पाने मांडून होईपर्यंत त्यांची उत्तरे देण्यास आम्ही येथेच बसतो.